कोरोनाची आठवण कुणाच्या फोनमध्ये आहे?

नववीच्या मुलांना साथीच्या रोगांवर निबंध लिहायला दिला होता. एकाने लिहिलं, ‘कोरोना दिल्लीच्या जमातवाल्यांनी पसरवला.’ मुलगा गुणी आहे. २०२० साली तो आठ-नऊ वर्षांचा असेल. विचारलं तर म्हणाला, ‘सर, व्हिडिओ आहे ना.’

कोणता व्हिडिओ, हे मला न सांगताच कळलं. पोलिसांच्या गाडीत बसलेला एक माणूस पोलिसावर थुंकतो. तो मुंबईतला एक कच्चा कैदी होता आणि प्रसंग फेब्रुवारी २०२० चा, निजामुद्दीन मरकजची बातमी येण्याच्या आधीचा. जमातीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं असंही म्हटलं. पुढच्याच महिन्यात आपल्या नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ जणांवरचा खटला रद्द केला. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरची १६ प्रकरणं निकाली काढली. पण निकाल वाचावा लागतो. व्हिडिओ बघता बघता संपतो, आणि डोक्यात राहतो.

हे आपण एकमेकांना अनेकदा सांगितलं आहे. आपल्या ग्रुपवर काय उरलं, ते मात्र कुणी बोलत नाही. ऑक्सिजन सिलिंडर पोचवणारी पोरं, कब्रस्तानात राबणारे हात, सगळे फोटो जपून ठेवलेत. ठेवायलाच हवेत. पण लसीबद्दलच्या अफवाही त्याच ग्रुपवर फिरत होत्या. एक मीही पुढे पाठवली होती, नंतर गुपचूप डिलीट केली. आज माझा फोन तपासला तर मी मोठा शहाणा माणूस दिसेन. दर वर्षी फेसबुक मला घरातल्या तरावीहचा फोटो दाखवतं, आणि मलाही वाटू लागतं की तो काळ असाच होता, शांत, घरातला.

आमच्याकडचे चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. टाळेबंदी लागली, गाड्या बंद. कितीतरी जण जंगलवाटांनी चालत निघाले. शेजारच्या बिजापूरची एक बारा वर्षांची मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून परतताना एप्रिल २०२० मध्ये घराजवळ येऊन वाटेतच वारली. या लोकांच्या हातात साधे फोन, तेही चार्जिंग संपलेले. त्यांनी फोटो काढले नाहीत, म्हणून फेसबुक त्यांची आठवण कुणाला करून देत नाही.

माझी नानी १९१८ च्या साथीला ‘मानमोडी’ म्हणायची. तिने ती पाहिली नव्हती, आईकडून ऐकली होती. म्हणून मी मुलांना निबंध पुन्हा दिला: फोन बघायचा नाही, घरच्यांना विचारून लिहायचं.

एका मुलीने सहा ओळी लिहिल्या. आई-बाबा तेलंगणातून चालत आले. गावात आल्यावर त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलं. ‘मी आजीबरोबर डबा घेऊन जायची. आई माझ्याच वर्गात होती. खिडकीतून हात करायची.’

त्या मुलाची वही अजून आलेली नाही.