खरी आशा कोणती?



सन २०२० मध्ये महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा मी माझ्या वर्गातील मुलांस वारंवार सांगत असे, "भिऊ नका, सर्व काही ठीक होईल." पुढे शाळा भरली, त्या दिवशी एक विद्यार्थी जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही सर्व ठीक होईल म्हणाला होता. आमचे बाबा गेले." मला उत्तर सुचले नाही. मी त्यास आशा दिली नव्हती, केवळ भाकीत केले होते. आणि तसे भाकीत करण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

चिंतेचे दिवस सोलापुरास नवे नाहीत. मृग कोरडा गेला की शेतकऱ्याची नजर आभाळाला लागते. गिरणीच्या भोंग्याने जागे होणाऱ्या या शहरातील त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांवर संकट कोसळले. आजही यंत्रमागावर चादर अगर टॉवेल विणणाऱ्या आईबापांस पुढील महिन्याच्या कामाची खात्री नसते. आणि मुलांस परीक्षेनंतर काय, ही विवंचना असतेच. अशा वेळी गोड शब्द बोलणे सोपे. परंतु पवित्र शास्त्रातील आशा इतकी स्वस्त नाही.

यिर्मया संदेष्ट्याचेच उदाहरण घ्या. यरुशलेमेस बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता, व तो स्वतः बंदीत होता. नगर शत्रूच्या हाती जाणार, हे त्यानेच लोकांस सांगितले होते. तरी त्याच वेळी देवाच्या आज्ञेवरून त्याने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले, आणि पुष्कळ दिवस टिकावे म्हणून खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवविले. संकट नाही असे तो म्हणाला नाही; संकटापलीकडेही देव आहे, असे मानून त्याने पैसे मोजले.

असेच एक उदाहरण आपल्या रेल्वेच्या वाटेवर आहे. सोलापुराहून पुण्यास जाताना दौंडनंतर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. पुढे त्यांनी केडगावास जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली. सन १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे निराधार मुलींस त्याच जमिनीवर आसरा मिळाला. उतारवयात त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. सन १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि तो संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागून प्रसिद्ध झाला.

हे बळ कोठून येते? केवळ मनाच्या कणखरपणातून येते, असे मला वाटत नाही. ज्या स्त्रिया भल्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघाल्या, त्यांच्या मनात पुनरुत्थानाची कल्पनाही नव्हती. मृताची शेवटची सेवा करावी, एवढेच होते. जे घडले ते देवाने केले. ख्रिस्ती मनुष्याची आशा आपल्या अंदाजावर नव्हे, तर त्या देवावर टेकलेली असते. म्हणून अंदाज चुकला तरी ती मोडत नाही.

पालकहो, मुलांस खोटा धीर देऊ नका. आपण घाबरलो असलो तर तेही त्यांना सांगा, आणि मग त्यांच्यासह प्रार्थना करून हाती असलेले काम करा. विद्यार्थ्यांनो, उद्याचे ठाऊक नाही म्हणून आजचा धडा टाकू नका. आपली वही हेच आपले अनाथोथचे शेत आहे.

त्या मुलास मी पुढे इतकेच म्हणालो, "बाळा, मी चुकलो. पण मी तुझ्याजवळ आहे, आणि देव आपणां दोघांजवळ आहे. चल, वही काढ." त्याने वही काढली.