चिंचोक्यांची बाजू

सिनियर केजीच्या चौकोनी वहीचं एक पान. पहिल्या रांगेत टिंबांनी काढून दिलेले आठाचे आकडे. त्यांवरून पेन्सिल फिरवायची. दुसऱ्या रांगेत टिंबं विरळ होतात. तिसऱ्या रांगेपासून चौकोन मोकळे, आणि तिथेच पाच वर्षांच्या हाताची तारांबळ सुरू होते. कुठे एकावर एक रचलेली दोन शून्यं, कुठे आडवा झोपलेला आठ, कुठे खोडरबराने घासून घासून पडलेलं भोक. खाली लाल शाईत शेरा : घरी सराव करून घ्या. चर्चगेटहून मीरा रोडपर्यंत उभ्याने आलेला बाप रात्री साडेआठला बूट काढतो न काढतो तोच हे पान समोर येतं, आणि तो पोराचा हात आपल्या मुठीत धरून आठ गिरवायला बसतो.

माणसाच्या मनगटात हाडंही आठच असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात. मग एकेकीचं हाड होत जातं, आणि शेवटचीचा नंबर लागेपर्यंत मूल नवव्या-दहाव्या वर्षाच्या पुढेमागे पोचलेलं असतं. त्या हाताला पेन्सिल पेलायचं बळ येतं ते कणीक तिंबून, मटार सोलून, चिंचोके वेचून, दोरीला लोंबकळून. वहीतला आठ वहीबाहेर तयार होतो. ‘स्टँडिंग लाइन’ आणि ‘स्लीपिंग लाइन’ ह्यांनी भरलेल्या शंभर पानांपेक्षा ओल्या वाळूचं एक घमेलं त्या हातासाठी जास्त काम करतं.

केजीतल्या मुलाने खेळातून आणि निसर्गातून शिकावं, एवढं साधं म्हणणं पालकसभेत मांडलं की चार हात वर होतात. पूर्वपक्ष आधी पुरता ऐकून घ्यावा, ही वादाची जुनी रीत आहे. तो असा : खेळायला घर आहेच, त्यासाठी शाळेची फी कशाला भरायची? खेळत बसलेलं मूल पहिलीत मागे पडेल, त्याचं काय? ही सगळी परदेशी खुळं, बड्या शाळांच्या माहितीपत्रकात शोभणारी. शिवाय मीरा-भाईंदरमध्ये निसर्ग उरलाय कुठे? आणि उरला असला, तरी त्या मातीत हात घालून मूल आजारी पडलं तर सुट्टी कोण काढणार? हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. बहुतेकांनी आपल्या आईबापांपेक्षा एक पायरी वर चढायला शाळेचाच आधार घेतलाय. त्या पायरीवर मुलाचा पाय घसरू नये, ही धास्ती खरी आहे. धास्तीवर काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे.

घरी खेळ होतो, हे पहिलं म्हणणं तर सोसायटीच्या फाटकापाशीच संपतं. २०११च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेलेलं हे शहर. इमारतींमधल्या मोकळ्या जागेत गाड्या लागलेल्या, आणि चेंडूने काच फुटली म्हणून कमिटीची नोटीस लागलेली. वन रूम किचनमध्ये चार वर्षांचं मूल ज्याला खेळ म्हणतं, तो बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर चालतो.

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे : मूल मागे पडेल. ह्याला उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं ताडून पाहिली. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात दोघांमध्ये फरक उरला नव्हता. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला अनुभव आणखी बोलका आहे. तिथे सरकारी बालवर्गात सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या गरीब घरांतल्या मुलांचा माग सहावीपर्यंत काढला गेला, आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. बालवर्ग संपला तेव्हा आत गेलेली मुलं पुढे होती; सहावीत तीच मुलं परीक्षेतही मागे पडली आणि वागणुकीच्या तक्रारींतही पुढे गेली. कारणांवर वाद चालू आहे. पण अभ्यासकांपैकी डेल फॅरन ह्यांनी बोट ठेवलं ते रांगेत बसवून, गप्प करून, सगळ्यांना एकदम शिकवण्यावर. ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्द कितव्या वर्षी उच्चारायचे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडची एक गंमत इथे सांगायलाच हवी. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलं आहे. ह्या एका वाक्यावर ट्यूशनवाल्यांनी किती फलक रंगवले असतील! मेंदू वाढतोय ना, मग भरा त्यात शंभरापर्यंत अंक आणि कर्सिव्ह. ह्याच धोरणातून २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा निघाला. त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नको, असं आहे. तीन ते आठ हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीही त्यातच आली. ज्या पहिलीच्या भीतीने केजी राबवली जाते, ती पहिलीसुद्धा कागदोपत्री खेळाच्याच बाजूला आहे. हा भाग कुठल्या फलकावर दिसत नाही.

आता परदेशी खुळाची गोष्ट. ‘किंडरगार्टन’ हा शब्द जर्मन, फ्रेडरिक फ्रोबेलचा, १८४० सालचा. अर्थ मुलांची बाग. हे मान्य. पण हा वाद भाईंदर स्टेशनवर उभं राहून करणाऱ्याने एकदा उत्तरेकडे जाणारी गाडी पकडावी. खाडीपूल ओलांडला की वसई, विरार, मग डहाणू रोड, आणि पुढचंच स्टेशन घोलवड. तिथून जवळच बोर्डी. मुलांनी बागेत शिकावं हा विचार आपल्या मातीत नव्याने रुजला तो ह्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, आणि ते सगळं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा निघाला २०१४ मध्ये.

तो रुजवणाऱ्या ताराबाई मोडक १८९२ मध्ये मुंबईत जन्मल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम केलं, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरीची पद्धत दोघांनाही पटलेली होती, पण ताराबाईंच्या डोक्यात एक हिशेब खटकत राहिला : ते पॉलिश केलेलं लाकडी साहित्य खेड्यातल्या मुलांना परवडणार कसं? १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यायची, असं ठरलं. पाड्यावरच्या एखाद्या अंगणात मुलं जमवायची, आधी त्यांचे हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, मोजणं. साहित्य म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं. लाकडी मण्यांचं काम बियांनी चोख बजावलं. पुढे पन्नाशीच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं दिवसभर गुरांमागे असायची, म्हणून कुरणशाळा निघाली : गुरं चरताहेत आणि शाळाही तिथेच. अनुताईंनी आपल्या आत्मचरित्राला नावही त्या टेकडीचंच दिलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्याच खटपटीतून आला. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तो शब्द देशभर गेला.

तेव्हा विदेशी काही असेलच, तर ती चार वर्षांच्या मुलाची मुलाखत आणि प्लॅस्टिकच्या पाटीवर छापलेलं स्नोमॅनचं चित्र. उत्तनच्या किनाऱ्यावरचा शिंपला इथलाच आहे.

त्यावरूनच ‘निसर्ग कुठे आहे’ ह्या प्रश्नाकडे वळता येतं. मीरा-भाईंदरइतकं विविध परसदार मुंबईच्या आसपास क्वचितच कुणाला मिळालं असेल. पश्चिमेला उत्तन आणि पालीचा कोळीवाडा, बांबूंवर रांगेने लटकलेले बोंबील. उत्तरेला वसईची खाडी, जेसल पार्कच्या काठावरून भरती-ओहोटी उघड्या डोळ्यांनी दिसते. मध्ये पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलेली आगरं आणि तिवरांची जंगलं. हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन पक्षी पाहणारे मुंबईहून इथे येतात. पूर्वेला घोडबंदर, चेणे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची झाडी. निसर्ग आहे. तो कमी होतोय, हेही खरं. डोंगरीच्या टेकडीवरची झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायला इथल्या लोकांनी विरोध केला, तो काही उगाच नाही. पण शाळेला त्यासाठी बस काढायचीही गरज नाही. सोसायटीतल्या बदामाच्या झाडाची पानं गळण्याआधी लाल होतात. कावळा घरट्यात तारा खुपसतो. तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतो, आणि चार वर्षांचं मूल तो रोज उकरून बघतं. उकरलेली मेथी मरते. तेही त्याला कळतं.

आजारपणाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पावसाळ्यात डासांमुळे डेंग्यू-मलेरिया असतो, गटारालगतचा गाळ घाण असतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी मुलांना बाहेर काढणं हा शुद्ध गाढवपणा. पण गटाराचा गाळ वेगळा आणि बागेतली माती वेगळी. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. एकंदर ७५ मुलं होती. महिन्याभरात मातीत खेळलेल्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांत विविधता वाढली, आणि रक्तातली प्रतिकारशक्तीची लक्षणंही सुधारलेली दिसली. डोळ्यांचं तर आणखी स्पष्ट आहे. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचा चष्मा लागण्याचं प्रमाण ३०.४ टक्के होतं. न काढलेल्यांमध्ये ३९.५. टॉवरच्या बाराव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाच्या आईने हा आकडा वहीच्या पानाशेजारी लावून बघावा.

इथपर्यंत विरोधकांचं झालं. ह्या पद्धतीला खरा दगाफटका होतो तो तिच्या भाटांकडून. भिंतीवर वाघ रंगवलाय, जमिनीवर हिरवं प्लॅस्टिकचं गवत आहे, एसी चालू आहे, आणि कोपऱ्यात रंगीत वाळूचा डबा, शुक्रवारी वीस मिनिटं हात लावायचा. ह्याला ‘नेचर थीम’ म्हणून जादा फी लागते. दुसरे भाट मुलांना मोकळं सोडतात आणि आपण मोबाइल बघत बसतात. विचारलं की म्हणतात, स्वातंत्र्य! दोन्हींत शिक्षक गायब आहे.

शिक्षक असतो तेव्हा काय होतं, ते चिंचोक्यांवरून बघा. चार मुलं, मधे ओंजळभर चिंचोके. एक मुलगी मोजते : एक, दोन, तीन... तोंड पुढे धावतंय, बोट मागे राहिलंय, एक चिंचोका दोनदा मोजला गेला. ‘अकरा!’ बाई काही बोलत नाहीत. ‘परत मोज बरं, ह्या वेळी मोजलेला बाजूला ठेव.’ आता नऊ येतात. मुलगी संशयाने चिंचोक्यांकडे बघते, जणू त्यांतले दोन कुणी पळवलेत. तिसऱ्यांदाही नऊच. आकडा तोंडात नसून चिंचोक्यांत आहे, हा शोध त्या क्षणी लागतो, आणि शंभरापर्यंत घडाघड म्हणणाऱ्या कित्येकांना तो लागलेलाच नसतो. मग जोड्या लावताना एक उरतो. ‘हा एकटा का?’ विषमसंख्या त्या प्रश्नात आली. तिचं नाव तिसरीत कळलं तरी चालेल. चिंचोके फोडले की एक बाजू काळी, एक पांढरी; आजीच्या पटावरचे फासेही तेच. (नर्सरीच्या मुलांना मात्र चिंचोके देऊ नयेत, ते थेट नाकात जातात. त्यांना मोठे शिंपले.)

‘बाजूला ठेव’ एवढंच म्हणायला आणि बाकी गप्प बसायला कसब लागतं. एका बाईपुढे चाळीस मुलं असली की ते कसब मरतं, आणि टिंबांची वही सोपी वाटू लागते. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका ४ डिसेंबर २०२३पासून जानेवारीअखेरीपर्यंत मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन मागत संपावर होत्या. ह्याच बायकांनी आहार वाटायचा, वजनं घ्यायची, मोबाइलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात मुलांना खेळातून घडवायचं. खासगी केजीतल्या टीचरची कमाईही कित्येक ठिकाणी शाळेच्या बसचालकाहून कमीच असते. अनुताईंच्या अंगणातला विचार आपण शब्दापुरता घेतला. त्या अंगणात उभ्या राहणाऱ्या बाईचा पगार कुणी मनावर घेतलेला नाही. फीवाढीवर भांडणाऱ्या पालकांनी एकदा हा प्रश्नही पालकसभेत विचारावा.

तोवर एक प्रयोग कुठल्याही वर्गात, कुणाचीही परवानगी न घेता होण्याजोगा आहे. मार्च महिन्यात एका पसरट बशीत कोमट पाण्यात मीठ विरघळवून ती खिडकीत ठेवायची. मुलं पहिल्या दिवशी बोट बुडवून चाटतात. दुसऱ्या दिवशी पाण्याची कड खाली सरकलेली असते, कडेला पांढरी रेघ. काही दिवसांनी पाणी नाही, बशीभर चौकोनी खडे. भाईंदरच्या आगरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं, हे कुणाच्या तरी आजोबांकडून ऐकायला मिळेल. आगरात राबलेले आजोबा अजून गावठाणांत आहेत, त्यांना वर्गात बोलवायला पैसे पडत नाहीत. बशी मात्र धुवायची नाही. सुट्टी संपून जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा पाऊस लागलेला असतो, आणि कुणीही पाणी ओतलेलं नसताना बशीतलं मीठ ओलं झालेलं असतं. कुणीतरी विचारतंच : बाई, ह्यात पाणी कोणी घातलं?