किनारा लष्कराला, मग गायरान कोणाला?

झरीपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. परभणी तालुक्यातील ह्या गावच्या शेतमजुराने मुंबईच्या कुलाब्याच्या किनाऱ्याची चिंता का वाहावी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या विसाव्या कलमात आहे. भरतीच्या रेषेखालील समुद्राचा तळ, खाड्या, नद्या, नाले, तळी, सार्वजनिक रस्ते आणि जिच्यावर दुसऱ्या कोणाची मालकी नाही अशी सर्व जमीन राज्य सरकारची आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे कुलाब्याचा किनारा आणि झरीसारख्या गावाशेजारचे गायरान ह्यांचा मालक कायद्याने एकच! हा मालक एक जमीन केंद्र सरकारला लष्करासाठी कोणत्या अटींवर देतो आणि दुसरी मागणाऱ्या भूमिहीनाला काय उत्तर देतो, हे ताडून पाहण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे भांडण लष्कराशी नाही. आपल्या वाडवडिलांनी पलटणीत चाकरी केली आहे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. पुढे महारांना लष्कराचे दार बंद झाले. ते उघडावे म्हणून अर्ज करावे लागले, झगडावे लागले, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतच उतरले, हेही आपण विसरलेलो नाही. किनाऱ्याला पहारा हवाच. परंतु त्या रात्री त्या परक्या माणसांना प्रथम हटकले ते तेथील कोळ्यांनीच, हेही ध्यानात ठेवावे. जमीन द्यावी की नाही, हा आमचा सवाल नाही. ती कशी द्यावी, किती काळ द्यावी आणि कोणाला विचारून द्यावी, हा आहे.

कुलाब्याचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. इंग्रजी अमदानीत, १९२० नंतरच्या दशकात, मुंबई सरकारने बॅकबेचा समुद्र हटवून सुमारे ४३९ एकर जमीन काढली आणि त्यांपैकी सुमारे २३५ एकर लष्कराला विकली. परक्या राजवटीतही एका सरकारने दुसऱ्याला जमीन दिली ती मोजून आणि मोल घेऊन. स्वराज्यात काय झाले? त्याच कुलाब्यात, लष्करी हद्दीला लागून, आदर्श सोसायटीची ३१ मजली इमारत उभी राहिली. जमीन संरक्षण खात्याची की राज्याची, हाच वाद होऊन बसला! २०१० साली मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. २०१२ साली चौकशी आयोगाने जमीन राज्याची असल्याचे सांगितले. जिथे कागद स्पष्ट नसतो तिथे सरकारी जमीन ना सैनिकाच्या विधवेला मिळते, ना गरिबाला. ती वजनदारांच्या पदरात पडते.

कागद झाला म्हणजे सर्व साधले, असेही नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांचे उदाहरण पाहा. त्या राज्याने १९६४ साली हजारो एकर सरकारी जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारला लष्करी सरावासाठी ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिली. मोबदला किती? एक डॉलर! समुद्रकाठच्या मकुआ खोऱ्यातील रहिवाशांना महायुद्धाच्या काळात हलविण्यात आले होते; युद्धानंतर जमीन परत देऊ, हा शब्द पाळला गेला नाही. अखेर पोहाकुलोआ येथील पट्ट्याविषयी मूळ रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्य ह्या जमिनीचे विश्वस्त आहे. लष्कर तिची नासधूस तर करीत नाही ना, हे स्वतः जाऊन पाहणे हे राज्याचे कर्तव्य होते व ते त्याने बजावले नाही. विश्वस्त हा शब्द आमच्या राज्यकर्त्यांनी पाठ करावा. हे पट्टे २०२९ साली संपत आहेत आणि आता मोबदल्याचा व परतीचा प्रश्न जाहीरपणे विचारला जात आहे.

आपल्याकडे १९३८ चा कायदा तोफांच्या सरावासाठी क्षेत्र ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारलाच देतो, तोही ठराविक मुदतीपुरता. ह्याच कायद्याखालील नेतरहाटच्या क्षेत्राची मुदत २०२२ साली संपली, तेव्हा आदिवासींच्या दीर्घ लढ्यापुढे झारखंड सरकारने ती वाढविण्यास नकार दिला. राज्य सरकारला नाही म्हणता येते, हे सिद्ध झाले.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ ह्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, असे मांडले. कशासाठी? कोणी जमीनदार राहू नये, आणि जात वा धर्म न पाहता गावकऱ्यांना ती कसावयास मिळावी, यासाठी. सरकारनेच सर्वांत मोठा जमीनदार होऊन बसावे, यासाठी नव्हे! ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला आणि लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यानंतरही मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांना २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयापर्यंत थांबावे लागले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करावी, असे त्यात म्हटले. परंतु अनेकांच्या हाती सातबारा आला नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील घरांना उलट हटविण्याच्या नोटिसा निघाल्या. केंद्राचे पत्र आले की सरकारजवळ जमीन असते. भूमिहीनाचा अर्ज आला की तीच जमीन सार्वजनिक होते. हा न्याय नव्हे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. लष्कराला दिलेल्या प्रत्येक सरकारी जमिनीचा पट्टा, मुदत, मोबदला व कारण सरकारने जाहीर करावे. त्या जमिनीवर वा त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या कोळ्याला, गुराख्याला, मजुराला आधी विचारावे व त्याचे नुकसान भरून द्यावे. दर काही वर्षांनी तपासणी करावी. गरज संपताच जमीन राज्याकडे परत यावी आणि तिच्यावर पहिला हक्क बिल्डराचा नव्हे, भूमिहीनाचा व मच्छीमाराचा असावा. आणि केंद्राच्या मागणीला जी तत्परता दाखविली जाते, ती गायरानधारकाच्या अर्जालाही दाखवावी.

वाचकहो, मागणी करून आपण स्वस्थ बसावयाचे नाही. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तुमच्या बापाने कसलेल्या तुकड्याची नोंद तीत आहे काय, ते स्वतः जाऊन पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. नोंद असेल तर नक्कल मागा, नसेल तर का नाही ते लेखी विचारा. कुलाब्यात एका कागदाअभावी जमीन कोणाच्या घशात गेली, हे आपण पाहिले. आपला कागद आपणच राखला पाहिजे.