ऊब विकत घेण्यापूर्वी

डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती उतरला, याची बातमी ठळक होते आणि पाठोपाठ बाजारात विजेच्या हीटरची चळत लागते. महाराष्ट्राला थंडी नवी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत खाली आले होते. नवी आहे ती आपली समजूत. ऊब ही विकत आणायची वस्तू आहे, असे मध्यमवर्गीय घरांनी हल्ली गृहीत धरले आहे.

या समजुतीचा हिशेब मांडून पाहावा. दोन किलोवॅटचा हीटर रोज चार तास चालला, तर दिवसाला ८ आणि महिन्याला २४० युनिट वीज जळते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. एरवी ९० युनिटांत भागवणारे कुटुंब त्यामुळे थेट तिसऱ्या टप्प्यात जाऊन पडते. एवढे करून दाराखालच्या फटीतून वारा येतच असेल, तर ती वीज आपण रस्ता तापवण्यासाठी वापरली असे म्हणावे लागेल.

आपल्या आज्या-पणज्यांना वीज ठाऊक नव्हती. पण उष्णतेचे शास्त्र त्यांच्या हातात होते. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक टाचून त्यांनी वाकळ शिवली. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हेच वाकळीचे मर्म आहे. धनगरांच्या घोंगडीतील लोकर तेच काम करते. म्हणूनच एकच जाड रजई घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे बरी. आणखी एक गोष्ट आपण विसरतो : शहाबादी फरशीचा गारठा खालून चढतो. त्यामुळे पांघरुणाइतकेच अंथरूणही महत्त्वाचे. फरशीवर आधी चटई, तिच्यावर सतरंजी आणि मग गादी, असा क्रम ठेवावा. वृद्धांच्या डोक्याला कानटोपी आणि पायांत मोजे असावेत.

दुसरा आधार सूर्याचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात नागपूरला भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते आणि भिंत व फरशी तापवते. मे महिन्यात तोच सूर्य माथ्यावर जातो. तेव्हा खिडकीवरचा छोटा छज्जाही त्याला अडवू शकतो. सकाळी ऊन चढले की दक्षिणेचे पडदे सारावेत, अंथरुणे उन्हात टाकावीत, आणि मावळतीपूर्वी खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत. जुन्या साडीत वाळू भरून केलेली वळकटी दाराशी ठेवली की फट बुजते. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाहीच. घर किंवा घरकुल बांधताना दक्षिणेला खिडकी मागून घेतली, तर हा लाभ पिढ्यान् पिढ्या मिळतो. दिवाणखान्याच्या छताच्या नक्षीवर तासन् तास चर्चा करणारे आपण हा प्रश्न मात्र विचारत नाही.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. काटकसरीच्या नावाखाली घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे होय. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साईड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे केरळचे ८ पर्यटक एका बंद खोलीत मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. शेकोटी अंगणातच शोभते. घरातली फट बुजवावी ती विस्तव नसलेल्या खोलीची. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडीच हवी.

हा इशारा सर्वाधिक लागू पडतो तो पत्र्याच्या घरांना. पत्रा सूर्यास्तानंतर झपाट्याने थंड होतो, म्हणून तेथे रात्री निखारे आत घेण्याचा मोह होतो. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा चटईचे आढे घातले, तरी मधल्या हवेमुळे गारठा पुष्कळ उणावतो. फक्त चूल आणि दिवा त्यापासून दूर असावेत. आपल्या सोसायटीचा रखवालदार किंवा शेजारच्या वस्तीतील बांधकाम मजूर रात्र कशी काढतो, हे एकदा जाऊन पाहावे. कपाटात दुमडून ठेवलेली जादा चादर त्याच्या हाती द्यावी, आणि निखाऱ्यांचा धोका त्याला समजावून सांगितल्याशिवाय परत फिरू नये.