मूलद्रव्यांचे गणगोत

बोईसरहून समुद्राकडे निघाले की आधी औद्योगिक वसाहत लागते आणि पुढे किनाऱ्याशी तारापूरचे अणुवीज केंद्र. याच टापूत परवा एका परिचितांकडे बसलो होतो. त्यांची दहावीतली लेक येरझारा घालत घोकत होती, ‘लिथियम, सोडियम, पोटॅशियम...’ मी सहज विचारले, ‘‘ही सगळी एकाच उभ्या रांगेत का गं?’’ ती म्हणाली, ‘‘काका, पुस्तकात तसंच दिलंय!’’

तिचे काही चुकले नव्हते. आपणही असेच शिकलो आणि परीक्षा झाली की विसरलो.

योगायोग पाहा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने आपली आवर्तसारणी मांडली 1869 साली. बरोबर शंभर वर्षांनी, 1969 मध्ये, देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. मेंडेलीव्हच्या वेळी त्रेसष्टच मूलद्रव्ये ठाऊक होती. अणुभाराच्या क्रमाने ती मांडताना ठरावीक अंतराने तेच गुण पुन्हा येतात, हे त्याने ओळखले. आणि जिथे कुणी बसेना तिथे चक्क रिकामे घर ठेवले. न सापडलेल्या मूलद्रव्यांना त्याने आपल्या संस्कृतातला ‘एक’ हा शब्द जोडून नावे दिली. त्याचे ‘एक-ॲल्युमिनियम’ 1875 साली गॅलियम म्हणून सापडले. पुढे 1913 मध्ये मोझली याने खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा आहे, हे दाखवले. आज ही घरे 118 झाली आहेत.

उभ्या रांगेला आपल्या पाठ्यपुस्तकात ‘गण’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे, कारण हे खरोखरच गणगोत आहे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या अणूत सर्वात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. अणू लहान असो की मोठा, बाहेरच्या जगाशी व्यवहार करतो तो हाच इलेक्ट्रॉन. म्हणून तिघांचे वळण एक.

या नात्याचा हिशेब तारापूरसारख्या ठिकाणी पदोपदी ठेवावा लागतो. तिथल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. पण निसर्गात त्याच्याबरोबर त्याच गणातला हाफ्नियम दडलेला असतो. दोघांचे रासायनिक वागणे इतके सारखे की हाफ्नियम थेट 1923 पर्यंत कुणाला सापडला नव्हता! तो मात्र शेकडो पट अधिक न्यूट्रॉन गिळतो. तेव्हा अणुभट्टीसाठी या भावंडांची ताटातूट मोठ्या कष्टाने करावी लागते.

दुसरी गोष्ट आपल्या शरीराची. युरेनियमचा अणू फुटला की स्ट्रॉन्शियम-90 आणि सीझियम-137 तयार होतात. पहिला कॅल्शियमच्या गणातला, दुसरा पोटॅशियमच्या. शरीराला नात्यातला हा फरक नीट कळत नाही. शरीरात शिरलाच, तर स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊन बसतो आणि सीझियम स्नायूंत पसरतो. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपात दूध, भाजीपाला तपासत बसावे लागले ते यासारख्याच कारणांनी. म्हणूनच ही द्रव्ये इंधनाच्या नळीतच कोंडून ठेवणे आणि आसपासची माती, पाणी, दूध, मासळी यांची नियमित तपासणी करणे, याला इतके महत्त्व आहे.

या केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी आपली गावे सोडली. चिंचणीपासून सातपाटीपर्यंत कितीतरी घरे समुद्रावर जगतात. तपासणीचा अहवाल हाती आला तर त्यातले शब्द या घरांतल्या मुलांना वाचता यायला हवेत. कळले नाही की माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर कुणीही सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. दोन्ही वाईट. आणि ते शब्द वाचण्याची किल्ली दहावीच्या त्या तक्त्यातच आहे. शिक्षकांनी एखादा तास घोकंपट्टीऐवजी खिडकीबाहेर दिसणाऱ्या या गोष्टींना द्यावा, एवढेच मागणे.

हे सारे ऐकून ती मुलगी क्षणभर थांबली. मग पुस्तक उघडून तिने दुसऱ्या गणावर बोट ठेवले. ‘‘म्हणजे कॅल्शियमच्या खालचाच हा स्ट्रॉन्शियम?’’ तिने विचारले. त्या दिवशी घोकणे तिथेच थांबले.