बिनहिशेबाचा टाका

दसऱ्याला घरातल्या शिलाई मशीनला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच मशीनवर इस्त्रीचे कपडे आणि मुलांची दप्तरं येऊन बसतात, ती थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत. कपाटाच्या वरच्या खणात एखादी पिशवी असते. तिच्यात रिंग अडकवलेला अर्धा टेबलक्लॉथ, पाठ पूर्ण झालेला पण बाह्या नसलेला स्वेटर आणि कधीतरी हौसेने घेतलेला, अजून न बेतलेला कापडाचा तुकडा असतो. फेकवत नाही आणि हातातही घेववत नाही, अशी ती पिशवी!

"पूर्वी किती छान शिवायचीस गं, आता का नाही?" असं कुणी विचारलं, की उत्तरं ठरलेली. वेळ कुठे मिळतो? डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. रेडीमेड इतकं स्वस्त मिळतं, मग कशाला मेहनत? आणि मुली तरी आता घरी शिवलेलं कुठे घालतात? मैत्रिणींनो, यातलं एकही कारण खोटं नाही. पण एवढ्यावर हौस मरत नाही. डोळ्यांना चष्मा लागला म्हणून आपण मालिका पाहायचं सोडलं का? मग सुईच का सुटली?

याचं उत्तर आपल्या शिवणकामाच्या इतिहासातच आहे, असं मला वाटतं. बाईच्या हातातल्या सुईला आपल्याकडे नेहमी काहीतरी कारण लागलं. बाळंतविड्यासाठी झबली, टोपडी, दुपटी, कुंची शिवायची. रुखवतात मांडायला भरतकाम करायचं. मुलगी पाहायला आलेली मंडळी "शिवणटिपण येतं ना?" असं विचारणार, म्हणून शाळेच्या कापडावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका गिरवायचा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, कारण थंडी तोंडावर आली आहे. बाईने स्वतःसाठी, उगीच, मजा म्हणून सुई हातात घेतली, असं कौतुकाने सांगितलेलं कधी ऐकलंय?

बाईला स्वतःच्या पायावर उभं करण्यातही शिवणाचा वाटा मोठा. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवणकामही शिकवलं जाई. घरात कोंडलेल्या कितीतरी बायकांना त्या काळी अशा वर्गांनी चार पैसे मिळवायची वाट दाखवली. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींना १९२४ साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा अपवाद म्हणून त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचं नाव घेतलं. बायकोचे शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र तयार केलं, अशी गोष्टही त्यांनी सांगितली. इतिहास काही इतका गोड नाही. सिंगरने पेटंट घेतलं १८५१ साली, आणि त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, एलियास हॉव याने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं होतं. पण गांधीजींना या यंत्रात बाईचे कष्ट वाचताना दिसले, हे महत्त्वाचं. आजही सरकारी मदतीत शिवणाला जागा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

हे सगळं योग्यच आहे. पण याचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. शिवण म्हणजे बचत किंवा कमाई, हे समीकरण मनात पक्कं बसलं. आणि ज्या दिवशी तो हिशेब बसेना, त्या दिवशी मशीनवर झाकण पडलं. मुलीच्या फ्रॉकचं कापड, अस्तर, चेन, लेस यांची बेरीज केली, तर तेवढ्यात बाजारात तयार फ्रॉक मिळतो, वर दुपार वाचते. हिशेब अगदी बरोबर! चूक आहे ती फक्त एकच, की सगळ्या गोष्टी हिशेबाने करायच्या असतात हे आपण गृहीत धरलं. घरातल्या पुरुषाने रविवारी दुपारभर कॅरम खेळला, तर "यात किती पैसे सुटले?" असं कुणी विचारतं का? मग बाईने रुमालावर फूल भरलं, तर "याचा उपयोग काय?" हा प्रश्न का येतो? आणि खरं सांगायचं तर, तो प्रश्न आधी आपल्याच मनात येतो.

अलीकडे याला आणखी एक फाटा फुटलाय. एखादीने हौसेने कापडी पर्स शिवली, की बघणारी पहिलं वाक्य बोलते, "अगं, विकत का नाहीस? ऑर्डरी घे ना!" बोलणारीचा हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणी हौसेचं दुकान होतं. मग रंग गिऱ्हाईकाचा, माप गिऱ्हाईकाचं, घाई गिऱ्हाईकाची. ज्यांना करायचं असेल त्यांनी जरूर करावं, पैसे मिळवण्यात कमीपणा मुळीच नाही. पण प्रत्येक आवडीचा धंदा झालाच पाहिजे, ही सक्ती कशाला? दुसरीकडे मोबाइलवरचे व्हिडीओ आहेत. त्यांतून शिकायला खूप मिळतं, यात शंका नाही. पण पाच मिनिटांत सफाईदार ब्लाऊज तयार होताना पाहिला, की आपली वाकडी टीप आपल्यालाच खुपते. बघणं वाढतं आणि करणं राहून जातं.

कुणी म्हणेल, हे सगळे खात्यापित्या घरांतले चोचले. जिला पोटासाठी शिवावं लागतं, तिला कसली आलीय हौस? हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या रोजच्या कामातलाच आहे. आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गात येणाऱ्या बायका फॉल-पिको करतात, ब्लाऊज शिवतात, कापडी पिशव्यांच्या ऑर्डरी पुऱ्या करतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी मास्क शिवले आणि कित्येकींच्या घरची चूल त्यावर पेटली. या बायकांनीच एकदा ठरवलं, की महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ऑर्डरीचं काम करायचं नाही. ज्याला त्याला वाटेल ते शिवायचं. एकीने आईच्या दोन जुन्या साड्या आणल्या आणि गोधडी घातली. दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवून पाठ धरलेली ही बाई! तिला म्हटलं, "अगं, आज तरी हाताला विश्रांती दे." ती म्हणाली, "ताई, ह्योच माझा इसावा. ते काम लोकांचं, ही माझी." तिचे टाके लहानमोठे होते, ओळी तिरक्या जात होत्या, पण उसवायला ती तयार नव्हती. ब्लाऊजची एक टीप चुकली तर चारदा उसवणारी तीच बाई!

या दुपारबद्दल वर्गाला मदत करणाऱ्या एका मंडळींनी विचारलं, "यातून उत्पन्न किती झालं?" त्यांच्या अहवालाच्या नमुन्यात तयार मालाचा रकाना होता, विक्रीचा होता, रोजगाराचा होता. आईच्या साडीच्या गोधडीसाठी रकाना नव्हता. आम्ही ती जागा कोरी सोडली आणि शनिवार चालू ठेवला. गरीब बाईला फक्त रोजगार हवा असतो, तिला आवड असायचं कारण नाही, असं मानणं हादेखील तिच्यावरचा अन्यायच आहे.

शेवटी मुद्दा कपड्याचा नाही, वेळेचा आहे. केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी सांगते, की बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. त्यात मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळंच. अशा दिवसातून अर्धा तास स्वतःसाठी काढायचा, तर मनाला अपराधी वाटतं. म्हणून आपण शिवणाला कुणाची तरी गरज चिकटवतो. नातवासाठी, भाचीसाठी, देवासाठी. दुसऱ्यासाठी शिवण्यात आनंद आहेच. पण "माझ्यासाठी" हे कारण पुरेसं का नसावं?

हाताला काम मिळालं की डोकं शांत होतं, हा आपल्या आज्यांचा अनुभव. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी अशा तल्लीनतेचा आयुष्यभर अभ्यास केला. काम फार सोपंही नाही आणि आवाक्याबाहेरही नाही, पुढचा टाका कुठे घालायचा ते स्पष्ट आहे, अशा वेळी माणूस घड्याळ विसरतो, असं त्यांनी मांडलं. विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जणांची एक पाहणी ब्रिटनमधल्या नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटतं, असा तिचा सूर होता. अर्थात सुई म्हणजे औषध नव्हे. मन फारच खचलं असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण रोजची चिडचिड, उगीचची धास्ती यांवर हातातलं काम उतारा ठरतं, हे विणणारी कुठलीही बाई सांगेल.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत आत लावत जातात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या रंगीत चिंध्यांची छोटी फुलं बसवतात. फुलांनी ऊब वाढत नाही. तरीही फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फाटक्या कपड्यांतून पांघरूण करणाऱ्या हातांनाही त्या चार फुलांची गरज वाटते. हौसेचं मोल यापेक्षा वेगळं काय सांगायचं!

मग सुटलेली सुई पुन्हा धरायची कशी? पहिली गोष्ट म्हणजे, एकदम पंजाबी ड्रेस बेतायला घेऊ नका. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, उशीचा अभ्रा अशा एका बैठकीत संपणाऱ्या कामाने सुरुवात करा. संपलेलं काम पुढच्या कामाला हात देतं. ती कपाटातली पिशवी खाली काढा आणि तिचे तीन वाटे करा. जे खरंच पुरं करावंसं वाटतं ते एक, दुसऱ्या कुणाला देता येईल ते दोन, आणि जे आता नकोच ते तीन. वीस वर्षांपूर्वी घेतलेलं डिझाइन आज आवडत नसेल, तर ते सोडून द्यायला हरकत नाही.

मशीन खिडकीजवळ उजेडात आणा आणि त्यावरचा पसारा हलवा. फार दिवस बंद असेल तर एकदा कारागिराला दाखवा. मशीनचंच तेल घाला आणि आधी चिंधीवर चालवून बघा, म्हणजे जादा तेलाचे डाग चांगल्या कापडाला लागणार नाहीत. जुनी सुई बदला. पातळ कापडाला ११ नंबर, मध्यम कापडाला १४, जाड कापडाला १६, एवढं लक्षात ठेवलं तरी टीप सुटायची, दोरा तुटायचा अर्धा त्रास कमी होतो. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी मेहनत आटते. सुईत दोरा जात नसेल तर दोरा ओवायची छोटीशी तार दोरे-बटणांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला गेलात तर आधी घरातलं सामान आठवा. नव्या लेसच्या मोहात पडून निम्म्या जणी खरेदीवरच थांबतात!

आठवड्यातून दोन दिवस, अर्धाच तास, पण ठरलेला ठेवा. आणि जमलं तर एकट्या बसू नका. चाळीच्या गॅलरीत, वाड्याच्या चौकात दुपारी बायका हातात विणकाम घेऊन बसत, त्यात शिकणंही होई आणि मन मोकळं करणंही. आज सोसायटीच्या सभागृहात चार जणी जमल्या तरी पुरे. तिथे मुलांनाही बसू द्या, मुलग्यांना तर नक्कीच. शिंप्याच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच शिवत आलेत, मग आपल्या मुलाला शर्टाचं बटण लावता आलं तर बिघडलं कुठे?

आणि घरच्यांना एक विनंती. ती मशीनवर बसली असेल तेव्हा "एवढा चहा टाकतेस का?" असं विचारू नका. चहा आपला आपण टाका, तिलाही एक कप द्या. ती काय शिवतेय ते जरूर विचारा. कशासाठी शिवतेय, किती पैसे वाचले, हे मात्र विचारू नका. टीप वाकडी आली तरी चालेल, पण तो अर्धा तास तिचा असू द्या.