सहल खुन्याच्या नावानं

लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये रोज संध्याकाळी तिकिटं लावून माणसांना गल्लीबोळांतून हिंडवतात. १८८८ साली इथं पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडलाच नाही, पण सहल त्याच्या टोपणनावानं: 'जॅक द रिपर'!

आणि बायका? मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. मेरी ॲनकडे त्या रात्री खाटेच्या भाड्याचे चार पेन्स नव्हते, म्हणून तिला निवाऱ्यातून बाहेर काढलं. हा गुन्हा कुठल्या थांब्यावर दाखवतात? 'वेश्या होत्या' म्हटलं की प्रश्न मिटला. (आपल्याकडेही बाई मेली की आधी तिचंच चारित्र्य तपासतात.) पाचपैकी तिघींबाबत तसा पुरावाच नाही, असं हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९च्या पुस्तकात मांडलं. आणि पुरावा असता, तरी?

तिथं तर स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय म्हणून परवानगी घेतली आणि २०१५ साली उघडलं ते रिपरचं. बायकांनी दारात निदर्शनं केली.

त्याच १८८८च्या जुलैत, जवळच बो इथल्या काडेपेटीच्या कारखान्यात सुमारे १४०० बायका-मुलींनी संप केला. पगारातून कापला जाणारा दंड त्यांनी बंद करून घेतला. ही गर्दी त्या फाटकाकडे का नाही वळवत?